केमो घेताना आणि नंतर हृदय कसं सांभाळायचं: आईच्या फाईलीतून

आईची ट्रीटमेंट संपून आता साडेतीन वर्षं झाली. डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर, हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला). आधी चार लाल केमो (औषधाचा रंगच लाल), मग दर आठवड्याला एक अशा बारा छोट्या, मग शेक (रेडिएशन), आणि या सगळ्यात वर्षभर दर तीन आठवड्यांनी हर-टूवरच्या ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन. आमचं सगळ्यांचं लक्ष केस, उलट्या, तोंड येणं आणि पांढऱ्या पेशी किती आल्या याच्यावर, हृदयाचा विचार कोणाच्या डोक्यातच नव्हता, कारण आईला तोवर बीपीची साधी गोळीपण नव्हती. मुंबईच्या फेऱ्या नकोत म्हणून इंजेक्शनं आम्ही गावाजवळच्या सेंटरला चालू केली आणि तिथे दर तीन महिन्यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) राहूनच गेला, त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आई जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागली तेव्हा "अगं वय झालं आता, अंगात केमो मुरलीय" म्हणाली आणि मला ते पटलं. पुढे इको केला तर हृदयाचं पंपिंग ६२ टक्क्यांवरून ४६.

इंजेक्शन थांबलं, हृदयाच्या दोन गोळ्या चालू झाल्या, सहा आठवड्यांनी ५३ आलं, मग उरलेली इंजेक्शनं पूर्ण झाली आणि आता ५७ आहे, स्वतः बाजारात जाऊन भाजी आणते. पण इकोशिवाय गेलेले ते पाच महिने मला अजून टोचतात. म्हणून त्या काळात आणि नंतर डॉक्टरांना विचारून विचारून जे शिकले ते सगळं लिहितेय, घरात कोणाची केमो चालू असेल किंवा ठरली असेल तर आजच वाचा.

आधीच एक सांगते. हे वाचून कोणी घाबरून केमो पुढे ढकलू नका किंवा सोडू नका. बहुतेक पेशंटच्या हृदयाला काहीही होत नाही, आणि ज्यांना होतं त्यांच्यातही वेळेत कळलं तर बरंच सावरता येतं. सगळा खेळ वेळेत कळण्याचा आहे, कारण हृदयाचा स्नायू थकायला लागतो तेव्हा दुखत नाही.

पहिलं काम: औषधाचं नाव लिहून घ्या

"केमो चालू आहे" एवढ्याने काही कळत नाही. कुठली केमो, ते महत्त्वाचं. डिस्चार्ज कार्डवर किंवा डे-केअरच्या कागदावर नावं असतात, नसतील तर सिस्टरना विचारा, सांगतात.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते लाल केमोकडे. डॉक्सोरुबिसिन, जुन्या कागदांवर अॅड्रियामायसिन लिहिलेलं असतं (इटलीत आड्रियाटिक समुद्राच्या बाजूच्या मातीतल्या जिवाणूपासून १९६० च्या दशकात हे औषध आलं, म्हणून ते नाव). त्याचीच भावंडं एपिरुबिसिन आणि डॉनोरुबिसिन. ब्रेस्ट कॅन्सर, लिम्फोमा (लसिका गाठींचा कॅन्सर), ब्लड कॅन्सर, हाडांचा कॅन्सर, लहान मुलांचे कितीतरी कॅन्सर यात ही वापरतात आणि फार कामाची औषधं आहेत. डोसनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं, औषधाचा रंग असतो, आम्ही पहिल्या रात्री उगाच घाबरलो होतो.

या औषधाचा हृदयावरचा परिणाम साठत जातो. म्हणजे आयुष्यभरात एकूण किती गेलं त्याचा हिशोब असतो, आज घेतलं आणि दहा वर्षांनी परत लागलं तरी जुनं त्यात धरायचं. हृदयाच्या पेशी कातडी किंवा केसांसारख्या भराभर नव्या येत नाहीत, गेल्या त्या जवळपास गेल्याच. हिशोब मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर असा असतो, तो चौरस मीटर म्हणजे उंची आणि वजनावरून काढलेला शरीराचा पृष्ठभाग. आईचा दीड होता. एका सायकलला ६० च्या हिशोबाने ९० मिलिग्रॅम, चार सायकल म्हणजे चौरस मीटरमागे एकूण २४०, हिशोबात हाच आकडा धरतात. जुन्या चाचण्यांच्या नोंदी एकत्र करून २००३ मध्ये अमेरिकेत हिशोब काढला होता, त्यात एकूण ४०० पर्यंत शंभरात साधारण ५ जणांना हार्ट फेल्युअर, ५५० ला २६ आणि ७०० ला जवळजवळ निम्म्यांना. म्हणून डॉक्टर आता त्याच्या खूप आत राहतात आणि २५० च्या वर गेलं की जास्त जोखीम धरतात. तुमचा आकडा किती झाला ते विचारा आणि लिहून ठेवा. एपिरुबिसिनचं माप वेगळं असतं, ते डॉक्सोरुबिसिनमध्ये आपल्या मनाने मिळवू नका, डॉक्टरांनाच बेरीज करू द्या.

ट्रॅस्टुझुमॅबचं गणित वेगळं. ते साठत नाही, चालू असताना पंपिंग कमी करू शकतं, पण बंद केलं आणि गोळ्या दिल्या की बहुतेकांचं परत वर येतं. फक्त दर तीन महिन्यांनी इको झालाच पाहिजे. मी हे वाक्य आता ओळखीच्या प्रत्येकाला फोन करून सांगते.

फाईव्ह-एफयू आणि त्याची गोळी कॅपेसिटाबिन, पोटाच्या-आतड्याच्या कॅन्सरला देतात, यात हृदयाच्या रक्तवाहिन्या अचानक आकुंचन पावू शकतात आणि छातीत दुखतं, बहुतेक वेळा पहिल्याच सायकलच्या पहिल्या काही दिवसांत. कॅपेसिटाबिन घरी घेतात म्हणून हे जास्त लक्षात ठेवा, छातीत दुखलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, गॅस असेल म्हणून सोडा पिऊन झोपायचं नाही, लगेच हॉस्पिटल. सिस्प्लाटिनने बीपी वाढू शकतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात आणि मॅग्नेशियम खाली जातं, त्यामुळे ठोके बिघडतात, तेव्हा त्याची रक्ततपासणी चुकवू नका. बेव्हासिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं औषध) चालू असेल तर बीपी वाढतं, म्हणून घरी मोजत राहायचं. इम्युनोथेरपीत (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी औषधं) क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, छातीत दुखणं-धाप याच्याबरोबर पापण्या जड होऊन खाली येणं किंवा अंगातले स्नायू दुखणं असंही दिसतं, वाट बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल.

आणि डाव्या बाजूचा शेक. शेकाच्या डॉक्टरांना आधीच विचारा की श्वास रोखून शेक देण्याची सोय आहे का. खोल श्वास भरून १५-२० सेकंद रोखला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं, मग त्याला शेक कमी लागतो. आईने आठवडाभर सकाळी गॅलरीत बसून सराव केला, मी मोबाईलवर सेकंद मोजायचे, पहिल्या दिवशी आठला सुटला, शेवटी बावीसपर्यंत गेली.

केमोच्या आधी काय काय करून घ्यायचं

टूडी इको, ईसीजी, बीपी, शुगर, कोलेस्ट्रॉल. लाल केमो किंवा ट्रॅस्टुझुमॅब असेल तर आधीचा इको नसताना पहिला डोस घेऊ नका, कारण नंतर ५२ आलं तर ते आधीपासून ५२ होतं की ६५ वरून आलंय हे कळणारच नाही. ज्यांना आधी हार्टचा त्रास झालाय, बीपी-शुगर आहे, वय ६५ च्या पुढे आहे, किडनी कमजोर आहे, छातीला आधी शेक घेतलाय, यांनी केमोआधी एकदा हार्टच्या डॉक्टरांना दाखवावं आणि ते काय म्हणाले ते कॅन्सरच्या डॉक्टरांच्या हातात लेखी द्यावं. दोघे वेगवेगळ्या हॉस्पिटलात असले तर मधला पोस्टमन तुम्हीच, दुसरं कोणी नाही.

हृदय वाचवायचे काही उपाय डॉक्टरांच्या हातात असतात, त्याबद्दल विचारायला लाजू नका. डोस जास्त लागणार असेल तर डेक्सरॅझॉक्सेन नावाचं रक्षक औषध लाल केमोच्या आधी देता येतं, काहींना लाल औषधाचाच लायपोसोमल (चरबीच्या बारीक आवरणात भरलेला) प्रकार चालतो, काहींना लाल केमो वगळून दुसरा कोर्स बसतो. स्टॅटिनबद्दल (कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या) ऐकलं असेल, लिम्फोमाच्या पेशंटमध्ये २०२३ ला एका चाचणीत अॅटोरव्हास्टॅटिनचा फायदा दिसला आणि दुसऱ्या एका चाचणीत, ज्यात जास्त ब्रेस्ट कॅन्सरच्या बायका होत्या, दिसला नाही, म्हणून शेजारच्या काकांची कोलेस्ट्रॉलची गोळी आपल्या मनाने चालू करायची नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ट्रीटमेंट चालू असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा की इको त्यात बसतो का, नसेल तर त्या पैशांची तजवीज आधी करून ठेवा, म्हणजे पैसे नाहीत म्हणून इको पुढे ढकलला असं होणार नाही.

इकोचा कागद कसा वाचायचा

खूप शब्द असतात त्यात, तुम्ही ईएफ शोधा. हृदयाचा डावा कप्पा भरल्यावर त्यातलं शंभरातलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर फेकतो तो हा आकडा, आपण ज्याला पंपिंग म्हणतो. साधारण ५५ ते ७० नॉर्मल. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, शंभर टक्के पंपिंग कोणाचंच नसतं, आमच्या मामाने ६२ ऐकून "म्हणजे अडतीस टक्के हार्ट बंद?" म्हणत घरभर रडारड केली होती.

मोजणाऱ्याप्रमाणे आणि मशीनप्रमाणे चार-पाच आकडे इकडे तिकडे होतात. ६२ चं ५८ आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. पण आधीपेक्षा १० किंवा जास्त उतरलं आणि ५० च्या खाली गेलं तर ते खरं, त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना कागदाचा फोटो पाठवा. जमेल तेवढं एकाच ठिकाणी इको करा आणि दरवेळी जुना कागद सोबत न्या. इको करणाऱ्यांना "केमोचा पेशंट आहे, स्ट्रेनपण बघाल का" असं विचारा. स्ट्रेन म्हणजे स्नायू किती आकसतो त्याचं माप, ईएफ उतरायच्या आधीच ते बिघडायला लागतं. आकडा मायनसमध्ये असतो, उणे २० चा उणे १६ झाला तर ईएफ चांगला असूनही डॉक्टर सावध होतात. सगळीकडे होत नाही स्ट्रेन, नसेल होत तर निदान ईएफ वेळेवर. काही ठिकाणी ट्रोपोनिन आणि बीएनपी या हृदयावरचा ताण दाखवणाऱ्या रक्ततपासण्यापण करतात.

वेळेवर का म्हणते ते सांगते. इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी लाल केमोने पंपिंग उतरलेल्या पेशंटवर काम केलं, केमोनंतर पहिल्या दोन महिन्यांत गोळ्या चालू झाल्या त्यांच्यात शंभरात ६४ जणांचं पंपिंग पूर्ण सावरलं, आणि सहा महिन्यांनंतर चालू झाल्या त्यांच्यात पूर्ण सावरलेलं कोणी दिसलं नाही. हे मी वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

घरी रोज काय बघायचं

एक वही घ्या, फॅन्सी काही नको, शाळेची दोनशे पानी चालते. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, वजन. मग पाच मिनिटं पाठ टेकून बसून बीपी आणि नाडी. ज्या बाजूची काखेतली गाठ काढलीय किंवा ज्या हाताला पीआयसीसी लाईन (केमोसाठी शिरेत ठेवलेली लांब नळी) आहे त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही.

वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ते जेवण अंगी लागलं म्हणून नसतं, पाणी साठलेलं असतं, फोन करा. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा, खड्डा राहिला तर लिहा. रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का, दोन उशा लागायला लागल्या का, झोपेतून उठून खिडकीत जाऊन बसावं लागतं का, हे सरळ विचारा, कारण आपल्या बायका स्वतःहून सांगत नाहीत. आईने महिनाभर तिसरी उशी घेतली होती आणि मला वाटलं पाठीसाठी घेते.

केमोचा थकवा आणि हृदयाचा थकवा यात फरक करणं अवघड आहे, मला अजूनही छातीठोक सांगता येत नाही. केमोचा थकवा डोसनंतर चार-पाच दिवस जास्त असतो आणि मग उतरत जातो. जो थकवा उतरत नाही, उलट दर आठवड्याला जिन्याच्या दोन पायऱ्या कमी होत जातात, त्याला तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी झालं तरी दम आणि धडधड होते, म्हणून रक्त आणि इको दोन्ही बघतात.

छातीत दाब येऊन पाच-दहा मिनिटांत जात नाही, बसल्या जागी धाप, चक्कर येऊन पडणं, ठोके वेडेवाकडे पडून घाम फुटणं, एकच पाय किंवा पोर्टच्या (केमोसाठी छातीत कातडीखाली बसवलेली डबी) बाजूचा हात अचानक सुजून दुखणं आणि त्यात दम लागणं, या सगळ्याला सकाळपर्यंत थांबायचं नाही, १०८ ला फोन. आणि फोनवर पहिलंच वाक्य "कॅन्सरची केमो चालू आहे" असं सांगा.

खाणं, औषधं आणि पाहुणे

मिठाचं बघा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. केमोत तोंडाला चव नसते म्हणून पेशंटला लोणचं, पापड, खारी, फरसाण, सुकट हेच गोड लागतं आणि आपणही म्हणतो खाऊ दे बिचारीला काहीतरी. खाऊ दे पण चव लिंबू, कोकम, आलं, जिरं, कोथिंबीर यातून आणा, तोंड आलेलं नसेल तर. सोलकढी आईला सगळ्यात चालली, नारळाचं दूध थोडं पातळ करून. बीपी-हार्टवाल्यांसाठी म्हणून कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (बीपी-हृदयाच्या गोळ्या, यांनीही पोटॅशियम वाढतं) चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शहाळ्याचं तसंच, त्यातही पोटॅशियम असतं. भेटायला येणारा प्रत्येक जण दोन शहाळी आणतो, प्रेमाने आणतो, पण त्या गोळ्या चालू असताना किंवा किडनी कमजोर असताना रोज तीन-तीन शहाळी नकोत. पपनस आणि ग्रेपफ्रूटने काही औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलतं, केमो चालू आहे तोवर बाजूला ठेवा.

काढे, गुळवेल, अर्जुनसाल, हळदीच्या कॅप्सूल, यावरून आमच्याकडे मोठी भांडणं झाली. भाजी-आमटीतली हळद आहे तशी राहू द्या. पण कॅप्सूल आणि काढे केमोच्या औषधांशी काय करतील ते आधी कळत नाही, आणि गुळवेलीने लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. लिव्हर बिघडलं तर लाल औषध शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी निदान लपवून घेऊ नका, बाटली नेऊन दाखवा.

दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर नको. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनने अंगात पाणी साठतं, बीपी वाढतं, किडनीवर ताण येतो. केमोनंतर लेट्रोझोल (हार्मोनवरची गोळी) चालू होतं तेव्हा गुडघे-बोटं खूप धरतात आणि मग बायका महिनोन्महिने या गोळ्या घेतात, त्यापेक्षा डॉक्टरांना सांगा, दुसरे पर्याय आहेत. उलटीचं ऑनडॅनसेट्रॉन चांगलं औषध आहे, पण ठोक्यांवर परिणाम करणारी दुसरी औषधं सोबत असतील तर ईसीजी बघावा लागतो, म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर ठेवा. केमोसोबत स्टेरॉइड देतात त्याने शुगर आणि बीपी चढतं, त्या दोन-तीन दिवसांत मोजा.

आणि मशेरी. पुरुषांची सिगारेट-तंबाखू डॉक्टर विचारतात, बायकांची मशेरी कोणी विचारत नाही आणि बायका सांगत नाहीत, दात घासायचंच आहे ते म्हणतात. तो तंबाखूच आहे, निकोटीनने नाडी आणि बीपी वाढतं. आजीला, काकूला, आईला प्रेमाने पण स्पष्ट विचारा आणि सोडायला मदत करा, एकट्याने सुटत नाही.

चालणं

पडून आराम करा हा सल्ला मनापासून देतात लोक, पण रोजचं थोडं चालणं हृदयाला हवं असतं. लक्ष्य आठवड्याला १५० मिनिटं, एकदम नाही. आई डोसनंतर तिसऱ्या दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटं, असं दिवसातून तीनदा करायची, बऱ्या आठवड्यात वीस मिनिटांपर्यंत. चालताना बोलता यायला पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग. ताप असेल, १००.४ च्या वर असेल तर व्यायाम नाही, हॉस्पिटल. प्लेटलेट किंवा हिमोग्लोबिन खूप खाली असेल तर विचारून. पेशी कमी असताना गर्दीच्या बागेत नको, गच्चीवर चाला.

केमो संपल्यावर

पेढे वाटून फाईल कपाटात टाकायची चूक करू नका. लाल केमोचा त्रास ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकांना तो पहिल्या वर्षातच दिसतो, म्हणून संपल्यावर वर्षभराने इको सगळ्यांनी करायचा, जोखीम जास्त असेल तर तिसऱ्या महिन्यातपण. पुढे किती वर्षांनी ते तुमच्या डोसवर आणि शेकावर ठरतं, विचारून वहीत तारीख लिहा. लहानपणी केमो झालेल्या मुलांनी मोठेपणीही तपासत राहायचं, मुलगी असेल तर बाळाचा विचार करताना आधी इको, कारण बाळंतपणात हृदयावर भार वाढतो. हृदयाच्या गोळ्या चालू झाल्या असतील तर बरं वाटतंय म्हणून स्वतः बंद करू नका, आईने एकदा दहा दिवस बंद केल्या आणि मला सांगितलं नाही.

वार्षिक बीपी, शुगर, कोलेस्ट्रॉल आता कायमचं. फ्लूची लस डॉक्टरांना विचारून दरवर्षी.

आईच्या पर्समध्ये मी एक कार्ड लॅमिनेट करून ठेवलंय. डॉक्सोरुबिसिन एकूण २४०, शेवटचा डोस कोणत्या महिन्यात, ट्रॅस्टुझुमॅब १८ इंजेक्शनं, डाव्या छातीला शेक, ईएफ सगळ्यात कमी ४६, आत्ता ५७, चालू गोळ्या, माझा नंबर. गेल्या पावसाळ्यात पाय घसरून मनगट मोडलं, ऑपरेशन लागलं, मी पोचायच्या आधीच तिने ते कार्ड भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात ठेवलं होतं आणि त्यांनी आधी इको करून घेतला.